यातून कोणता निष्कर्ष निघतो?

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत 'विधाने व निष्कर्ष' नावाचं एक प्रकरण असतं. ज्यांच्या घरात बँकेची किंवा एमपीएससीची तयारी करणारं कुणी आहे, त्यांच्या ओळखीचं असेल. वर दोन-तीन विधानं, खाली दोन निष्कर्ष, आणि मग पर्याय: फक्त पहिला निघतो, फक्त दुसरा निघतो, दोन्ही निघतात, एकही निघत नाही. विधानं वाट्टेल ती असू शकतात. सर्व मांजरं टेबलं आहेत, काही टेबलं पंखे आहेत, वगैरे. (आमच्या मांजरीला हे मान्य नाही, पण तिला बँकेत नोकरीही नको आहे.)

नियम दोनच. एक, दिलेली विधानं खरी मानायची, बाहेरचं काही आणायचं नाही. दोन, विधानं खरी असताना जो खोटा असूच शकत नाही तोच निष्कर्ष घ्यायचा. 'बहुतेक असेल', 'असायला काय हरकत आहे', 'मला तर आधीपासून वाटतच होतं' हे इथे चालत नाही.

माझी भाची सध्या या प्रकरणाशी झटापट करते आहे. तिचं म्हणणं असं, की सगळ्यांत जास्त मार्क 'एकही निघत नाही' या पर्यायावर जातात. एवढी विधानं दिली आहेत म्हणजे त्यातून काहीतरी निघत असणारच, असं वाटत राहतं. आणि मग तिने विचारलं, "मावशी, हे पेपर काढणारे लोक स्वतः असा विचार करतात का गं?"

प्रश्न खवचट होता. पण असे पेपर काढणाऱ्या एका मोठ्या माणसाची गोष्ट मला माहीत होती, आणि ती पुष्कळ दिवस लिहायची राहून गेली होती. आज लिहितेच.

माणसाचं नाव कार्ल ब्रिगम. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक. आपली मुलं अमेरिकेत कॉलेजला जाण्यासाठी 'सॅट' नावाची परीक्षा देतात ना, ती १९२६ साली पहिल्यांदा झाली, सुमारे आठ हजार मुलांनी दिली. ती तयार करण्यामागे मुख्य डोकं या ब्रिगम यांचं होतं. म्हणजे प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या जगातले अगदी मूळपुरुषच म्हणा. पण ही गोष्ट त्याच्या तीन वर्षं आधीची आहे.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. लाखो जवानांची भरती सुरू झाली. रॉबर्ट यर्क्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने ठरलं, की या सगळ्यांची बुद्धी मोजायची. सुमारे साडेसतरा लाख जवानांना चाचण्या दिल्या गेल्या. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी 'अल्फा', न येणाऱ्यांसाठी चित्रांची 'बीटा'.

अल्फात तर्काचे, आकड्यांचे प्रश्न होते, तसे सामान्य ज्ञानाचेही होते. क्रिस्को म्हणजे काय: औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाण्याचा पदार्थ? (क्रिस्को म्हणजे आपल्या डालड्याचा अमेरिकन भाऊ.) क्रिस्टी मॅथ्यूसन कोण: लेखक, चित्रकार, बेसबॉल खेळाडू की विनोदी नट? आता सिसिलीतल्या खेड्यातून येऊन जेमतेम दोन वर्षं झालेल्या माणसाला बेसबॉलपटूचं नाव ठाऊक नसेल, तर त्याच्या बुद्धीबद्दल काय कळलं? बीटा चाचणीत चित्रात काय कमी आहे ते काढून दाखवायचं होतं. टेनिसच्या मैदानात जाळी नाही, फोनोग्राफला कर्णा नाही. ज्यांनी हातात पेन्सिल कधी धरली नव्हती तेही त्यात होते. एका चित्रात घराला धुराडं नव्हतं. एका सिसिलीच्या जवानाने तिथे क्रूस काढला, कारण त्याच्या गावाकडे घरावर त्या जागी क्रूस असायचा. उत्तर चूक धरलं गेलं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या नात्यातला एक मुलगा आठवला. नाव घेत नाही, घरच्यांना कळेलच. वाईजवळच्या खेड्यातून तिसरी झाल्यावर शहरात आला. एका शाळेत प्रवेशाआधी चाचणी घेतली. बाथटबचं चित्र, त्याला नळ नव्हता. "यात काय कमी आहे?" याने बाथटब जन्मात पाहिलेला नाही. त्याला तो गुरांना पाणी पाजायचा हौद वाटला. तो म्हणाला, "म्हैस."

मला विचाराल तर उत्तर फर्स्ट क्लास होतं. हौद भरलेला आहे आणि म्हैस जवळपास नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी कमी आहे. शाळेने कागदावर 'आकलनशक्ती कमी' असं लिहून दिलं. त्याची आई तो कागद कितीतरी दिवस कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवून होती. बापाला दाखवला नाही आणि फाडूनही टाकला नाही.

असो. परत १९२३ सालात जाऊ.

युद्ध संपलं, आकडे उरले. त्यांतले बरेचसे १९२१ साली एका जाडजूड ग्रंथात छापले गेले. ब्रिगम यांनी ते आकडे घेतले आणि १९२३ साली 'अमेरिकन बुद्धिमत्तेचा अभ्यास' अशा अर्थाचं पुस्तक काढलं. प्रस्तावना यर्क्स यांची. या आकड्यांत एक विलक्षण गोष्ट होती. परदेशात जन्मलेल्या जवानांचे गुण ते अमेरिकेत किती वर्षं राहिले त्याप्रमाणे चढत जात होते. नुकते आलेल्यांचे सर्वांत कमी, दहा-पंधरा वर्षं राहिलेल्यांचे जास्त, आणि वीसहून अधिक वर्षं राहिलेल्यांचे अमेरिकेतच जन्मलेल्यांच्या जवळपास बरोबरीचे.

आता हाच आपला प्रश्न समजा.

विधान १: वीस वर्षांपूर्वी आलेल्यांचे गुण जन्माने अमेरिकन असलेल्यांइतके आहेत.
विधान २: नुकते आलेल्यांचे गुण पुष्कळ कमी आहेत.
निष्कर्ष अ: चाचणी बुद्धीबरोबरच भाषेची आणि चालीरीतींची ओळखही मोजते, माणूस राहतो तसे गुण वाढतात.
निष्कर्ष ब: अलीकडे येणारे लोक पूर्वी येणाऱ्यांपेक्षा बुद्धीने कमी आहेत.

मंडळी, इथे थोडं थांबा आणि पुढे वाचण्याआधी उत्तर ठरवा.

आपल्यापैकी बहुतेकांनी 'अ' म्हटलं असेल. सिसिलीचा क्रूस आणि वाईची म्हैस ऐकल्यावर दुसरं काय म्हणणार! ब्रिगम यांनी 'ब' म्हटलं. 'अ' त्यांना सुचला नव्हता असं नाही. त्यांनी त्याचा विचार केला आणि तो बाजूला सारला. त्यांच्या मते पूर्वी वायव्य युरोपातून 'नॉर्डिक' वंशाचे लोक येत होते, आता दक्षिण आणि पूर्व युरोपातून इटालियन, पोलिश, रशियन ज्यू येऊ लागले, म्हणून सरासरी घसरली. ही वंशांची विभागणी त्या काळी तिथे भलतीच लोकप्रिय होती.

पण परीक्षेच्या नियमाने पाहिलं तर बरोबर उत्तर आहे 'एकही निघत नाही'. हो, आपल्याला आवडलेला 'अ' सुद्धा निघत नाही.

कारण दोन्ही निष्कर्षांच्या पोटात एकेक न सांगितलेलं विधान दडलेलं आहे. 'ब' घ्यायचा तर गृहीत धरावं लागतं, की अमेरिकेतल्या वास्तव्याचा गुणांवर काहीच परिणाम होत नाही. 'अ' घ्यायचा तर गृहीत धरावं लागतं, की वीस वर्षांपूर्वी आलेले आणि काल आलेले मुळात सारखेच होते. ही चाचणी एकाच माणसाला आल्याबरोबर एकदा आणि वीस वर्षांनी पुन्हा दिलेली नव्हती. एकाच वेळी वेगवेगळ्या माणसांना दिलेली होती. तेवढ्यावरून त्याच माणसाचे गुण वाढतात की माणसंच वेगळी आहेत, हे ठरवता येत नाही.

आपल्याकडच्या नैयायिकांनी ही भानगड फार पूर्वी ओळखली होती. धूर आहे म्हणजे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण उलटं, अग्नी आहे म्हणजे धूर आहे, हे चूक. लोखंडाचा गोळा तापून लाल झाला तरी त्याला धूर नसतो. मग चुलीत धूर का दिसतो? सरपण ओलं असतं म्हणून. ही जी लपलेली अट, तिला ते 'उपाधी' म्हणत. अग्नीला नावं ठेवण्याआधी लाकूड ओलं आहे का ते बघा. माझ्या आजीला न्यायशास्त्र माहीत नव्हतं, पण चूल धुरकटली की ती आधी लाकडं चाचपून बघायची.

ब्रिगम यांनी लाकडं चाचपली नाहीत. ज्यांनी चाचपली अशी माणसंही त्याच काळात होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नाहीतर आपण म्हणतो, की तेव्हा सगळेच तसा विचार करत होते!

पहिले वॉल्टर लिपमन, पत्रकार. १९२२ साली त्यांनी 'न्यू रिपब्लिक' साप्ताहिकात लेखमाला लिहिली. सैन्याच्या चाचण्यांवरून तेव्हा ओरड चालू होती, की अमेरिकेतल्या सरासरी प्रौढाचं मानसिक वय फक्त तेरा वर्षांचं आहे. लिपमन यांचा मुद्दा साधा होता: सरासरी प्रौढ हा सरासरी प्रौढापेक्षा कमी कसा असेल? सोळा हे प्रौढाचं मानसिक वय आधी थोड्याशा लोकांवरून ठरवलं होतं. लाखो लोकांवरून तेरा येत असेल, तर आधीची मोजपट्टी चुकली असं का म्हणू नये?

दुसरे होरेस मान बाँड. कृष्णवर्णीय अभ्यासक, तेव्हा विशीतही नव्हते. १९२४ साली त्यांनी त्याच सरकारी आकड्यांतून दाखवलं, की इलिनॉयसारख्या उत्तरेकडच्या राज्यातल्या काळ्या जवानांचे गुण दक्षिणेतल्या काही राज्यांतल्या गोऱ्या जवानांपेक्षा जास्त आहेत. गुणांवरून वंशाची बुद्धी ठरत असेल तर हाही निष्कर्ष घ्या! तो मात्र कुणी घेईना. तिथे सगळ्यांना शाळा, पैसा, परिस्थिती ही कारणं एकदम आठवली. म्हणजे ओलं लाकूड दिसत नव्हतं असं नाही. सोयीच्या वेळी दिसत होतं.

मग 'अ' आणि 'ब' मधून निवडायचं कसं? त्यासाठी नवीन माहिती आणावी लागते, आणि ते काम ऑटो क्लाइनबर्ग यांनी केलं. ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले. प्रश्न तसाच होता. दक्षिणेतून न्यूयॉर्कला आलेल्या काळ्या मुलांचे गुण दक्षिणेत राहिलेल्या मुलांपेक्षा चांगले येत. काहींचं म्हणणं, हुशार होते तेच निघून आले. क्लाइनबर्ग यांनी दोन गोष्टी तपासल्या. न्यूयॉर्कमध्ये राहिलेल्या वर्षांप्रमाणे गुण वाढतात का? वाढत होते. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ते दक्षिणेतल्या शहरांतल्या शाळांत गेले, जुनी दप्तरं काढली, आणि जी मुलं पुढे उत्तरेला गेली त्यांचे जायच्या आधीचे मार्क पाहिले. ती मुलं मागे राहिलेल्यांपेक्षा मुळात हुशार होती असं काही आढळलं नाही. १९३५ साली हे पुस्तकरूपाने आलं. 'ब' ला आधार देऊ शकेल अशी जागा मुद्दाम शोधली, तिथे जाऊन पाहिलं, ती रिकामी निघाली, आणि मग 'अ' कडे कल दिला. धूळ खात पडलेली शाळेची दप्तरं उघडणारा हा माणूस मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त आवडतो.

पण तोवर बरंच काही घडून गेलं होतं. १९२४ साली अमेरिकेने स्थलांतराचा नवा कायदा केला. प्रत्येक देशाचा कोटा १८९० च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेले जितके लोक होते त्यांच्या दोन टक्के. १८९० च का? तर त्यानंतर दक्षिण आणि पूर्व युरोपातले लोक मोठ्या संख्येने आले होते. जुनी जनगणना धरली की त्यांचा कोटा आपोआप आकसतो. (भारतीयांचा प्रश्नच नव्हता. आपल्यासाठी दार १९१७ च्या कायद्यानेच जवळपास बंद झालं होतं.) हा कायदा ब्रिगम यांच्या पुस्तकामुळे झाला का? तसं म्हणणं म्हणजे पुन्हा तोच घोटाळा. पुस्तक आधी आलं, कायदा नंतर, एवढ्यावरून ते कारण ठरत नाही. कायद्यामागे राजकारण, बेकारीची भीती, जुने पूर्वग्रह असं पुष्कळ होतं, आणि चाचण्यांचा वाटा किती यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण ज्यांना दार लावायचंच होतं त्यांच्या हाती एक शास्त्रीय दिसणारा कागद आला, एवढं नक्की म्हणता येतं.

आणि दार लागलं ते लागलंच. १९३९ साली हिटलरच्या जर्मनीतून निघालेलं 'सेंट लुई' जहाज नऊशेहून जास्त प्रवाशांना घेऊन क्यूबाला पोचलं. तिथे अगदी थोड्यांना उतरू दिलं. अमेरिकेनेही घेतलं नाही, कोटा भरलेला होता. जहाज युरोपला परतलं. त्या प्रवाशांपैकी २५४ जण पुढे ज्यूंच्या संहारात मेले.

ब्रिगम यांचं पुढे काय झालं? १९३० साली त्यांनी एका शास्त्रीय नियतकालिकात लेख लिहिला. त्यात स्वच्छ म्हटलं, की सध्याच्या चाचण्यांनी वेगवेगळ्या देशांच्या आणि वंशांच्या लोकांची तुलना करता येत नाही, आणि अशा अभ्यासांतल्या सगळ्यांत आढ्यताखोर अभ्यासांपैकी एक, म्हणजे स्वतःचाच, निराधार होता. इतक्या स्पष्ट शब्दांत स्वतःचं पुस्तक मोडीत काढणारा प्राध्यापक विरळाच. त्यांचं त्याबद्दल कौतुक वाटतं, आणि वाईटही वाटतं. कारण लेख सात वर्षांनी आला आणि कायदा मात्र तसाच राहिला. देशवार कोट्यांची ती पद्धत गेली १९६५ साली. त्यानंतरच आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनियर मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले. हे वाचणाऱ्यांत एडिसनला स्थायिक झालेला आमचा मामेभाऊ आहे. अरे, तुझ्या घरापासून प्रिन्स्टन अर्ध्या-पाऊण तासावर आहे. पुढच्या वेळी पाहुण्यांना कँपस दाखवायला नेशील तेव्हा ही गोष्टही सांग.

चाचण्या वाईटच, असा निष्कर्ष यातून कुणी काढेल म्हणून सांगते, तोही निघत नाही. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिनेची चाचणी जशीच्या तशी न उचलता मुंबई इलाख्यातल्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बेतली, १९४० साली त्यावर पुस्तक लिहिलं. इथल्या मुलांची मोजपट्टी इथल्याच मुलांवरून ठरवायची, ही साधी गोष्ट. तरीही प्रश्न संपत नाही. यूपीएससीने २०११ साली 'सीसॅट'चा पेपर आणला, त्यात तर्कशुद्ध विचाराचे प्रश्न होते. इंग्रजीचा फायदा शहरी मुलांना मिळतो म्हणून २०१४ साली दिल्लीत मुलं रस्त्यावर उतरली, आणि २०१५ पासून तो पेपर फक्त पात्रतेपुरता उरला. तर्क मोजतोय की भाषा, हा प्रश्न सैन्याच्या चाचण्यांनंतर शंभर वर्षांनीही तसाच आहे.

आणि तो म्हशीवाला मुलगा? आता चांगला शिकलाय, नोकरीला आहे, घरातले सगळे मोबाइल तोच दुरुस्त करतो. यावरून शाळेची चाचणी चुकीची होती हे सिद्ध होतं का? काटेकोर बोलायचं तर नाही. मधल्या काळात शिकवणी होती, आईची जिद्द होती, वयही वाढलं. पण शाळेचा निष्कर्षही त्या एका चित्रावरून निघत नव्हता, आणि तो कागद मात्र खरा होता, कपाटात होता, आणि एक बाई त्याच्याकडे बघून रात्री रडत होती. 'एकही निघत नाही' ही खूण करायला परीक्षेत एक मार्क लागतो. त्या दिवशी त्या टेबलामागे बसलेल्या व्यक्तीने एवढंच लिहायला हवं होतं: अजून काही सांगता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू.

लेख लांबला, पण या विषयावर थोडक्यात लिहिणं मला जमलं नाही. तुमच्या घरातही असा एखादा कागद असेल, तुमच्याबद्दलचा किंवा मुलांबद्दलचा. असेल तर काढून पुन्हा वाचा. वर विधानं कोणती आहेत आणि खाली निष्कर्ष कोणता आहे ते बघा, आणि मधलं कुठलं वाक्य न लिहिताच धरून चाललेत ते शोधा. सापडलं तर मला जरूर कळवा.